केळ्याचे बी

आंबा खाल्ला की कोय उरते. सीताफळ खाल्ले की काळ्याभोर बियांची ओंजळ उरते. पेरू खाल्ला तर दातात अडकलेले बी संध्याकाळपर्यंत आपली आठवण करून देत राहते. केळे खाल्ले म्हणजे मात्र साल तेवढी हाती उरते. बाकीच्या फळांनी आपला वंश पुढे चालावा म्हणून काही ना काही मागे ठेवलेले असते; केळ्याने तसे काहीच ठेवलेले दिसत नाही.

मग केळ्याचे बी गेले कोठे? आणि ते मिळालेच, तर घरच्या कुंडीत पेरून त्याचे रोप करता येईल काय? आमच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. "केळ मुनव्यांपासून लावतात" असे सांगून तो मिटवता येतो. पण हे उत्तर केळ कशी लावतात याचे झाले, बी का नाही याचे नव्हे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, भाषा शिकवणारे. तथापि या एका प्रश्नापायी आम्हाला वनस्पतिशास्त्राचे बरेच दरवाजे ठोठवावे लागले. तेथे जे हाती लागले ते विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक सोपा प्रयोग करावा. पिकलेले केळे सोलून सुरीने आडवे कापावे. चकतीच्या मध्यभागी तीन कप्प्यांची पुसटशी आकृती दिसेल आणि त्या कप्प्यांच्या कडेने मोहरीहूनही बारीक असे काळसर ठिपके दिसतील. हे ठिपके म्हणजे न झालेल्या बियाच होत. दुसरे केळे सोलून त्याच्या टोकाच्या मध्यावर अंगठ्याने हलकेच दाबावे. केळे लांबीत तीन फाकांत उकलते. शिकरणीसाठी केळी कुस्करताना हे तीन कप्पे आपण सर्वांनीच मोडलेले आहेत, पाहिले मात्र क्वचित कोणी असतील.

सामान्यतः फुलावर पराग पडून बी धरल्यावाचून फळ वाढीस लागत नाही. लागवडीच्या केळीची रीत निराळी आहे. तिच्या फुलाला पराग मिळो वा न मिळो, फुलाचा बुडखा आपोआप फुगू लागतो, त्यात गर भरतो आणि फळ तयार होते. बी धरण्याचे काम सुरूही होत नाही. त्या ठिपक्यांपाशीच ते थांबलेले असते.

केळीची कुळकथा तिच्या नावांतही थोडीफार वाचता येते, आणि ती वाचण्यास आमच्या सीमाभागासारखी जागा नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या बाजारात उभे राहिले तर मराठी माणूस 'केळी' मागतो, कानडी माणूस 'बाळे हण्णु' मागतो आणि दखनी बोलणारा 'मौज' मागतो. आमच्या घरी कोंकणीत त्याचेच 'केळें' होते. यांतील 'मौज' हा शब्द मूळ अरबी. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये केळीचे शास्त्रीय नाव पक्के केले ते 'मूसा' असे, आणि ते याच अरबी शब्दावरून आले असे सामान्यतः मानतात. अरबी शब्दाचे मूळ संस्कृत 'मोचा' या नावात असावे असेही काही विद्वानांचे मत आहे. तेव्हा बिदरच्या चौबाऱ्याजवळ हातगाडीवर ऐकू येणारा शब्द आणि युरोपातील वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतला शब्द हे सख्खे भाऊ निघाले. असो.

केळीचे मूळ पूर्वज आग्नेय आशियात आणि न्यू गिनीच्या बाजूस रानात आजही आहेत. त्यांपैकी दोन मुख्य: एकीला शास्त्रज्ञ 'अक्युमिनाटा' म्हणतात, दुसरीला 'बाल्बिसियाना'. या दोघींच्या फळांत गर थोडा आणि बिया दाटीवाटीने भरलेल्या असतात. काळ्या, वाटाण्याहून लहान आणि दगडासारख्या कठीण. असे फळ खाताना पोटापेक्षा दातांचीच परीक्षा अधिक. न्यू गिनीतील कूक या दलदलीच्या जागी सुमारे ६५०० ते ७००० वर्षांपूर्वी माणसे केळीची लागवड करीत होती, असे तेथील उत्खननावरून दिसते. ज्या झाडाच्या फळात बी कमी, त्याचाच मुनवा उपटून घराजवळ लावायचा, असे शेकडो पिढ्या चालले असले पाहिजे. बी गेले ते कोणा एका हुशार माळ्याच्या हातून गेले नाही. खाणाऱ्यांच्या आवडीनेच ते हळूहळू मागे सरले.

त्यात निसर्गानेही एक गाठ मारून ठेवली. सजीवांच्या पेशीत गुणसूत्रे असतात. रानकेळीच्या या दोन्ही पूर्वजांत ती ११-११ च्या दोन संचांत, म्हणजे २२ असतात. आपण खातो त्या बहुतेक केळींत तीन संच, म्हणजे ३३ असतात. बी धरायचे तर या संचांच्या जोड्या लागून त्यांची दोन सारख्या वाट्यांत विभागणी व्हावी लागते. शेतकऱ्याच्या मुलांना हे एका उदाहरणाने समजेल. बावीस बैलांच्या अकरा जोड्या अकरा औतांना नीट जुंपता येतात. तेहतीस बैल असले तर प्रत्येक औतामागे एक बैल मोकळा राहतो. तो उजव्या बाजूस जायचा की डाव्या, याचा मेळ काही केल्या बसत नाही. केळीच्या फुलात हाच घोटाळा होतो आणि बी बहुधा धरतच नाही.

बी नाही म्हणून केळीचे अडत मात्र नाही. ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते खोड नव्हेच; ती पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी आहे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. केळ एकदा व्याली, घड उतरला की तो सोट मरतो. पण त्याआधीच कंदाच्या बगलेतून मुनवे वर आलेले असतात. त्यांतला तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा मुनवा लागवडीस उत्तम, हे आमच्यापेक्षा शेतकरी अधिक जाणतात. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की मुनवा हे आईचे मूल नव्हे. ती आईच आहे. आंब्याच्या कोयीतून निघणारे झाड बहुधा आईबापांहून निराळे निघते. मुनवा आईसारखा निघत नाही, तो आईच्याच देहाचा पुढला भाग असतो.

कलबुर्गीहून हुमनाबादकडे येताना वाटेत कमलापूर लागते. तेथली तांबडी केळी आपल्या भागातील बहुतेकांनी चाखली असतील: जाड तांबूस साल, आत मऊ गर, आणि गोडी अशी की एका केळ्यात समाधान व्हावे. या केळीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पण ती तयार होण्यास दीड वर्षाच्या आसपास लागते, पाणी भरपूर लागते, आणि रोगाची धास्ती सदैव असते. त्यामुळे लागवड पूर्वीच्या मानाने आकसली आहे. आता विचार करा. कमलापूरच्या सगळ्या बागांतील तांबडी केळ ही एका अर्थाने एकच केळ आहे, हजारो ठिकाणी उभी राहिलेली. बी नसले तरी बदल अगदीच होत नाही, असे नव्हे. तांबड्या केळीला क्वचित आपसूकच हिरव्या सालीचा घड धरतो आणि त्याचे मुनवेही हिरवीच केळी देतात. पण असा बदल दैवयोगाचा. एखाद्या रोगाला त्या एका केळीकडे उत्तर नसेल, तर ते कोणत्याच बागेत नसते.

ही भीती पुस्तकी नाही. मध्य अमेरिकेतील निर्यातीच्या बागांत पूर्वी 'ग्रो मिशेल' नावाची एकच जात लावलेली असे. मातीतून येणाऱ्या एका बुरशीने, जिला पनामा रोग म्हणतात, त्या बागा उत्तरोत्तर उद्ध्वस्त केल्या, आणि १९६० च्या सुमारास व्यापाऱ्यांना ती जात सोडून 'कॅव्हेंडिश' केळीकडे वळावे लागले. कॅव्हेंडिशला तो रोग होत नसे. आपल्या जळगावची बसराई, श्रीमंती आणि हल्ली सर्वत्र दिसणारी ग्रँड नैन ही सारी याच कॅव्हेंडिश कुळातली. पुढे त्याच बुरशीचा एक नवा प्रकार निघाला, आणि तो कॅव्हेंडिशलाही सोडीत नाही. २०१० नंतरच्या दशकात तो बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागांत आढळला. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेत, कोलंबियात पोहोचला. ऊतिसंवर्धनाने काचेच्या बाटलीत वाढविलेली रोपे निरोगी आणि एकसारखी असतात हे खरे. पण एकसारखी, हाच तर येथे प्रश्न आहे.

अशा वेळी शास्त्रज्ञांना आठवण होते ती बियांची. तामिळनाडूत अडुतुरै येथे १९४९ मध्ये केळीच्या संकराचे काम सुरू झाले. तिरुचिरापल्लीला १९९३ मध्ये केळीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. होंडुरासमधील संशोधकांनी तर हजारो घडांच्या फुलांवर हाताने पराग टाकले, पिकलेल्या केळ्यांचा गर चाळणीतून गाळला, आणि गाडीभर केळ्यांमागे मिळालेल्या मोजक्या बिया मोत्यांसारख्या जपल्या. त्यांतूनच रोगाला तोंड देणाऱ्या काही नव्या जाती उभ्या राहिल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाने पनामा रोगाला टक्कर देणाऱ्या एका नव्या कॅव्हेंडिश केळीला मान्यता दिली. तिच्यातला तो गुण बियांनी भरलेल्या एका रानकेळीतूनच घेतलेला आहे. जिच्या बिया थुंकून टाकल्या, तिच्याच दारी माणसाला पुन्हा जावे लागले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. घरी बी पेरून केळ उगवता येते काय? येते, पण बाजारच्या केळ्यातील ठिपके पेरून नव्हे. ते कितीही जपून पेरले तरी मातीच होणार. बी असलेलीच केळ हवी. आसामात 'भीमकोल' नावाची बाल्बिसियाना कुळातील बियांची केळ घरोघरी असते. तिचा गर बिया काढून तान्ह्या मुलांना भरवतात आणि सालीची राख करून तिचे खार जेवणात वापरतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात आपल्याला जवळची म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांवरची रानकेळ. तिला कोठे कवदर म्हणतात, कोठे चवई. ही खरे पाहता केळीची चुलतबहीण. शास्त्रज्ञांनी तिला 'मूसा' कुळातून काढून १९४८ मध्ये 'एन्सेट' या कुळात घातले. पावसाळ्यात घाटातून जाताना, माणूस चढू शकणार नाही अशा कातळाच्या कपारीत रुंद हिरव्या पानांची जी केळ डोलताना दिसते, ती हीच. घाटमाथ्यावरचे लोक तिच्या केळफुलाची भाजी करतात. तिच्या फळात चिंचोक्याच्या जवळपास मोठ्या, काळपट बिया असतात.

या रानकेळीचा एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिला मुनवे फुटत नाहीत. ती कित्येक वर्षे वाढते, एकदाच फुलते, फळते आणि मरते. तिचे पुढचे सारे भवितव्य बियांवर. म्हणूनच कड्यावरची झाडे उपटू नयेत आणि घडच्या घड तोडून आणू नयेत. पिकून गळालेल्या फळातील चार-सहा बिया पुरेत. अभयारण्याच्या हद्दीत तर तेवढ्याही वनखात्याच्या परवानगीवाचून उचलू नयेत. ज्यांचे आप्तेष्ट कोकणात वा घाटाखाली आहेत, त्यांनी त्यांच्या परसात वा जवळच्या रोपवाटिकेत चौकशी करावी हे उत्तम.

येथे एक सावधगिरीची सूचना. निळ्या, जांभळ्या, सोनेरी केळ्यांची चित्रे छापलेली बियांची पाकिटे अलीकडे घरपोच येतात. ती घेऊ नयेत. निळसर सालीची एक केळ जगात आहे खरी, पण तिचा रंग चित्रातल्याइतका गडद नसतो, आणि तिलाही आपल्या केळीप्रमाणेच बी धरत नाही. ज्या केळ्याला बीच नाही त्याचे बी पाकिटात आले कोठून, एवढा प्रश्न विद्यार्थ्याने विकणाऱ्याला विचारला तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

बी ताजे असावे. जुने, वाळून गेलेले बी बहुधा उगवत नाही. गर पूर्ण धुऊन काढावा, कारण त्याला बुरशी चटकन धरते. मग बी पाण्यात टाकावे. बीचे कवच कठीण असते, म्हणून त्याची एक बाजू पॉलिश कागदावर किंवा खरबरीत दगडावर हलकेच घासावी. काळा रंग जाऊन फिकट डाग दिसला की थांबावे. बीच्या एका टोकाला लहानशी खळगी असते, तेथे घासू नये. त्या जागी बुचासारखे एक झाकण असते आणि कोंब तेच झाकण ढकलून बाहेर येतो. घासलेले बी एक-दोन दिवस कोमट पाण्यात भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे.

मातीची निवड आपल्या भागात विशेष विचाराने करावी लागते. कलबुर्गीच्या बाजूची काळी माती तुरीला सोन्यासारखी. कुंडीत मात्र ती ओली असता चिकट होते आणि वाळली की भेगाळते. ती एकटी वापरू नये. बिदरच्या पठारावरची तांबडी माती, नदीची धुतलेली वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. कुंडीच्या बुडाला भोक असलेच पाहिजे. त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा. बी अर्धा इंच खोल पुरावे आणि वरून पाणी ओतण्याऐवजी शिंपडावे. माती ओलसर राहावी, चिखल होऊ नये.

ऊब कशी द्यावी, हा यातला सर्वांत रंजक भाग आहे. सदैव सारख्या उबेत ठेवलेले बाल्बिसियानाचे बी उगवत नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असा चढउतार मिळाला तर ते जागे होते, असे १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. याचे कारण रानात शोधावे. दाट झाडीखाली जमिनीची ऊब दिवसरात्र जवळजवळ सारखी असते; झाड कोसळून मोकळी जागा झाली की तेथे ऊन पोहोचते आणि रात्री जमीन निवते. बीला जणू कळते, की आता वर येण्यास जागा आहे. परदेशातील हौशी लोकांना यासाठी विजेच्या पेट्या लागतात. आपल्याला मार्च महिना पुरतो: बिदरच्या पठारावर दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास जातो आणि पहाटे २० च्या जवळ उतरतो. फाल्गुनात पेरलेली कुंडी सकाळचे ऊन लागेल अशा पडवीत ठेवावी. दुपारचे उघडे ऊन टाळावे. एप्रिल-मेच्या झळांत कुंडीवर गोणपाट अंथरून ते ओले ठेवावे.

त्यानंतर वाट पाहणे आले. मूग दोन दिवसांत मोडावतो. त्या सवयीच्या मुलांना हे जड जाते. केळीचे बी तीन आठवड्यांत उगवेल किंवा सहा महिने घेईल. एकाच दिवशी एकाच कुंडीत पेरलेल्या बियाही एकदम उगवत नाहीत. घाई करून माती उकरून पाहण्याचा मोह आवरावा. प्रत्येक बीची जागा काडी रोवून ठेवावी आणि वहीत तारीख लिहावी. कोंब प्रथम हिरव्या सुईसारखा दिसतो. त्याची गुंडाळी उलगडली की करंगळीएवढे पान होते. तीन-चार पाने झाली की रोप निराळ्या, खोल कुंडीत हलवावे.

ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी शेजारी दुसऱ्या कुंडीत बागेतल्या केळीचे दोन मुनवे लावावेत. दोन्ही मुनवे पानांच्या आकारात आणि रंगात एकसारखे वाढतील. बीपासूनची रोपे तशी वाढतीलच असे नाही. एकाच फळातील बियांची असूनही एखाद्याचे पान रुंद, एखाद्याचा देठ अधिक तांबूस, एखादे रोप मागे पडलेले असे दिसेल. वहीत दर पंधरवड्याला उंची, पानांची संख्या आणि रंग लिहीत गेल्यास वर्गात सांगण्यास पुरेसे काही जमेल. खाण्याच्या केळ्याची अपेक्षा या रोपांकडून ठेवू नये. कुंडीत तर ते फुलेपर्यंत शाळा सुटून कितीतरी वर्षे गेलेली असतील.

रानकेळीचे रोप लावलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे. दिवाळीनंतर हवा कोरडी पडू लागली की तिची पाने पिवळी पडून गळतात, सोट आटत जातो आणि उन्हाळ्यात कुंडीत बुंधा तेवढा कांद्यासारखा फुगलेला उरतो. घरची माणसे ती मेली समजून कुंडी रिकामी करायला निघतात. कड्यावरही ती असेच उन्हाळे काढते. या दिवसांत पाणी अगदी बेताचे द्यावे. मृगाचा पाऊस होऊन पंधरा दिवस झाले तरी कोंब दिसला नाही, तर बुंधा बोटाने दाबून पाहावा. टणक लागला तर कुंडी पावसात तशीच राहू द्यावी. मऊ पडून त्याला वास येत असेल, तर पाणी अधिक झाले असे समजून पुढल्या फाल्गुनासाठी नवे बी शोधावे.